गुलाबावरची पांढरी खवले कीड: ऑलाकॅस्पिस कशी ओळखशील

कोथरूडच्या गच्चीवरच्या गुलाबाच्या जुन्या फांद्यांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसतंय ना? मग आधी सुई आणि भिंग घे. कवच अलगद उचल. ते सुटलं आणि खाली मऊ कीटक वेगळा दिसला, तर ती कवचधारी खवले कीड. मऊ खवल्यांचं आवरण असं सुटत नाही.

ऑलाकॅस्पिसच्या मादीचं कवच गोलसर, चपटं, पांढरं. टाकलेल्या कातींचा पिवळट-तपकिरी ठिपका कडेजवळ. नराचं कवच चिमुकलं, लांबट, पाठीवर तीन कंगोरे. नवखे नराकडे बघतच नाहीत, तू बघ.

तरी एवढ्यावर प्रजातीचं (genus, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) नाव लिहू नकोस, तिच्यासारखीच दिसणारी स्यूडऑलाकॅस्पिस ही दुसरी प्रजाती हमखास फसवते. प्रौढ मादी १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणात स्वच्छ करून, रंगवून स्लाइडवर घे. डोकं-छातीचा भाग फुगलेला, रुंद हवा. शेपटाकडच्या पट्टीवरचे मधले दोन खंड खाचेत बसलेले, तळाशी जोडलेले आणि टोकाकडे फाकत गेलेले दिसले की माझी खात्री पटते.

ऑक्टोबरच्या छाटणीतल्या फांद्या फेकू नकोस. कागदी पाकिटात ठेव, वर झाड, ठिकाण, तारीख लिही. आणि झाड गुलाबाचं आहे म्हणून जात (species) ठरवू नकोस. आंब्याच्या पानांवरही याच प्रजातीची दुसरी जात येते.