टँकरचे पाणी साठवण्यासाठी भंगारातले जुने निळे ड्रम घ्यावेत का?

उन्हाळ्यात आपल्या गावाला टँकरने पाणी येते, त्यासाठी २०० लिटरचे तीन-चार ड्रम हवे आहेत, नवे परवडत नाहीत आणि तालुक्याच्या गावी भंगारवाल्याकडे धुतलेले जुने ड्रम बरेच स्वस्त मिळत आहेत. तर ते घ्यावेत का आणि घेताना काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. मी लोणच्याच्या एका कारखान्यात भांडार सांभाळतो आणि रिकामे ड्रम विकण्याचे कामही माझ्याकडेच आहे. माझे मत असे की जुना ड्रम अवश्य घ्यावा, पण त्यात आधी काय भरलेले होते हे खात्रीने कळत असेल तरच.

हे ड्रम एचडीपीई प्लॅस्टिकचे असतात. हे प्लॅस्टिक पाणी शोषत नाही, परंतु सॉल्व्हंट, कीटकनाशकांची तेलकट द्रावणे आणि उग्र वासाची रसायने त्याच्या भिंतीत काही प्रमाणात मुरतात आणि पुढे ड्रम उन्हात तापला की हळूहळू पाण्यात उतरतात. त्यामुळे "सोड्याने तीन वेळा धुतलाय, साहेब" हे आश्वासन रसायनाच्या ड्रमच्या बाबतीत निरर्थक आहे. घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे ड्रम २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या व्यावसायिकाकडेच जायला हवेत. तरीही त्यांतले काही वरवर धुऊन, लेबल खरवडून बाजारात येतातच.

निळा रंग पाहून निर्धास्त होऊ नये, कारण आम्ल, साबणाचा कच्चा माल आणि खाद्यपदार्थ हे सगळे निळ्याच ड्रममध्ये येते. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो. तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, ड्रम खाण्यापिण्याच्या कामाचा आहे असे सांगत नाही. काही ड्रमवर 'यूएन' असे ठसठशीत अक्षरांत उमटवलेले असते आणि पुढे १एच१ (बंद माथ्याचा) किंवा १एच२ (झाकण पूर्ण निघणारा) असा संकेत असतो. याचा अर्थ तो धोकादायक माल वाहण्याच्या कसोटीला उतरला आहे एवढाच; त्यात तसा माल होताच असे नाही, आणि नव्हता असेही नाही. त्याच ओळीत उत्पादनाच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे सापडतात, ते मात्र उपयोगी आहेत. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या ड्रमवर हात फिरवला की पांढुरकी भुकटी लागते आणि काठाजवळ बारीक भेगा दिसतात. भरल्यावर २०० किलोहून अधिक भार होणार असल्याने असा ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नये.

खरी माहिती लेबलवर असते, म्हणून मूळ लेबल शाबूत असलेलाच ड्रम निवडावा. लाल चौकटीतली कवटी, ज्वाला किंवा हातावर सांडणारे आम्ल यांपैकी एखादे चित्र असेल, किंवा लेबलच्या जागी खरवडल्याच्या ताज्या खुणा असतील, तर पुढे बोलणीच करू नयेत. त्यापेक्षा लोणची, सॉस, मिठाई किंवा शीतपेये बनवणाऱ्या कारखान्याच्या भांडारात थेट चौकशी करावी. आमच्याकडे मिठाच्या पाण्यातल्या कैरीच्या फोडी, व्हिनेगर आणि ग्लुकोज सिरप अशाच ड्रममधून येते. असे ड्रम भंगारापेक्षा थोडे महाग पडतात, पण बिलावर आधीच्या मालाचे नाव लिहून मागता येते.

कारखान्यातून घेतानाही झाकण उघडून आतली रबरी रिंग बोटाने उचलून पाहावी, कारण ड्रम आरशासारखा स्वच्छ असला तरी मसाल्याचे तेल आणि कुजका गाळ त्या खाचेत हमखास सापडतो. वास पाहायचा तर आत तांब्याभर पाणी टाकून, झाकण लावून ड्रम दोन-तीन तास उन्हात ठेवावा आणि मग उघडून हाताने हवा नाकाकडे घ्यावी. तोंड आत घालून हुंगू नये. कैरीचा, मोहरीचा किंवा आंबूस वास चालतो. थिनर, फिनेल किंवा औषधफवारणीसारखा वास आला तर ड्रम परत करावा.

खाद्यपदार्थाचा ड्रम धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासून, दोन दिवस पाण्याने भरून ठेवावा आणि ते पाणी ओतून द्यावे. तेवढ्याने वास बराच उतरतो. त्यानंतर ब्लिचिंग पावडर वापरायची असेल तर आधी व्हिनेगरचा अंशही राहू देऊ नये, कारण आम्लाशी संयोग होऊन क्लोरीन वायू सुटतो. एवढे करूनही पिण्याचे पाणी मी स्टीलच्या पिंपात किंवा नव्या टाकीतच साठवेन; जुना ड्रम आंघोळ, धुणीभांडी, जनावरे आणि जीवामृत यांसाठी पुरेसा आहे.

शेवटी, झाकण पूर्ण निघणारा आणि कडीची रिंग शाबूत असलेलाच ड्रम घ्यावा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि ड्रम कोरडा पडला तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी आतून घासणे आवश्यक असते, आणि दोन बुचांच्या बंद ड्रममध्ये हातच जात नाही. असा बंद ड्रम स्वस्तात घेऊन त्याचा माथा ग्राइंडरने कापून घेण्याचा सल्ला भंगारवाला देईल, पण आत ज्वलनशील द्रवाची वाफ उरली असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो.