बाहेरून अ‍ॅक्सेसरीज बसवल्या तर नव्या गाडीची वॉरंटी जाते का?
सीट कव्हर, मॅटिंग, मडफ्लॅप यांनी वॉरंटीला सहसा काही होत नाही. खरी गोम वायरिंगमध्ये आहे. बाहेरचा इलेक्ट्रिशियन हॉर्न किंवा फॉग लॅम्प लावताना बऱ्याचदा मूळ वायर सोलतो, जोड देतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ती टेप दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम बहुधा गेलाच म्हणून समजा. तेवढ्यावरून गिअरबॉक्सची वॉरंटी मात्र जायला नको. तसं कोणी म्हणालं तर कारण लेखी मागा, नुसत्या तोंडी नकारावर परत येऊ नका.

माझ्या जुन्या गाडीत मी 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचे बल्ब टाकले होते. हेडलाइटचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग, वितळून बल्बच्या पिनांना चिकटला, आणि खर्च माझ्याच खिशातून गेला. म्हणून सांगतो, मूळ वॅटचेच बल्ब ठेवा. फॉग लॅम्पसाठी रिलेवालं (रिले म्हणजे दिव्याचा जास्तीचा करंट सांभाळणारा छोटा स्विच), कपलरला कपलर जोडणारं हार्नेस, म्हणजे तयार वायरिंगचा संच घ्या, वायर कापूच देऊ नका.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रीमॅप केला (त्याचं सॉफ्टवेअर बदललं) तर इंजिनची वॉरंटी विसरा. बाहेरून सीएनजी किट बसवलं, तर आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीलाही कळवा.