उन्हाळी सुटीत प्रथिनांचे संशोधन

प्रश्न : मी सोलापूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते. अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रथिनांवरील उन्हाळी संशोधन प्रशिक्षण असते, असे मावसभावाकडून कळले. मला तेथे अर्ज करता येईल का? जीवशास्त्राविना निभाव लागेल का?

उत्तर : अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून चालणाऱ्या अशा प्रशिक्षणांचे विद्यावेतन त्या देशाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच असते, त्यामुळे तो मार्ग तूर्त सोडून द्यावा. आपल्याकडे बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी शिष्यवृत्ती देतात आणि निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करतो. अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावे लागतात. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर चौकशीला निघणारे दरवर्षी हळहळतात.

जीवशास्त्राची धास्ती मात्र अनाठायी आहे. प्रथिनांच्या साखळीला कोणती वळणे शक्य आहेत हे दाखवणारा आलेख 1963 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. रामचंद्रन मूळचे भौतिकशास्त्राचे, आणि दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, एवढ्या साध्या विचारावर तो आलेख उभा आहे.

प्रयोगशाळेत तुम्हाला बहुधा जिवाणूंकडून एखादे प्रथिन तयार करवून ते शुद्ध करायला सांगतील. त्यासाठी प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा घटकांची शेपटी जोडतात आणि जिवाणू फोडून मिळालेला द्रव निकेल असलेल्या स्तंभातून सोडतात. हिस्टिडिनच्या वलयातील नायट्रोजन निकेलला धरून ठेवतो, त्यामुळे बाकीची बहुतेक प्रथिने वाहून जातात. मग हिस्टिडिनच्या वलयासारखेच वलय असलेले इमिडाझोल हे रसायन घातले की ते निकेलवरची जागा बळकावते आणि हवे असलेले प्रथिन सुटून खाली येते. वर्गात समन्वय संयुगे म्हणून शिकलात ती हीच. सामू फार खाली गेला तर त्या नायट्रोजनला प्रोटॉन चिकटतो आणि पकड सुटते, हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते, तुम्हाला लागणार नाही. उलट निर्जंतुक हाताळणी, जिवाणूंची वाढ कधी थांबवायची, प्रथिन बर्फावर का ठेवायचे, हे तुम्ही त्याच्याकडून शिकाल. एवढे करूनही प्रथिन कधीकधी साक्याच्या रूपात तळाशी बसते आणि पंधरवडा वाया जातो. दोन महिन्यांत शोधनिबंध होईल या अपेक्षेने जाऊ नये.

अर्जापूर्वी एक काम करा. 1971 पासून चालू असलेल्या प्रोटीन डेटा बँकेत दोन लाखांहून अधिक रचना सर्वांना विनामूल्य पाहता येतात. त्यातून कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम उघडा. अवघ्या 129 अमिनो आम्लांच्या या प्रथिनातले चार डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंना जोडणारे) शोधा आणि ते तुटले तर काय होईल, यावर स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहा. ‘मला संशोधनाची आवड आहे’ या वाक्याच्या जागी तो परिच्छेद अर्जात घाला.