बोंबिलाचं की बोंबलाचं?

घरगुती खाणावळ सुरू करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, फलकावर ‘बोंबिलाचं कालवण’ लिहू की ‘बोंबलाचं’? दुसऱ्या रूपात बोंबलणं ऐकू येतं, म्हणून त्यांना संकोच वाटतो. पर्यटकांसाठी ‘बॉम्बे डक’ हे बोंबलाचं इंग्रजी नाव लिहावं का, हेही त्यांनी पुढे जोडलंय.

ताई, बेधडक ‘बोंबलाचं’ लिहा. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असलं की सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात, मधल्या ई-ऊचा ‘अ’ होतो. पाटील–पाटलाचा, तारीख–तारखेला, लाकूड–लाकडाला. बोंबील विकणारी कोळीणसुद्धा याच वाटेनं जाते: आपण वाटा घेतो तो कोळणीकडून. पहिलं अक्षर ऱ्हस्व असेल तर मधला स्वर टिकतो, फक्त आखूड होतो: वकील–वकिलाला, गरीब–गरिबाला. ‘बोंबिलाचं’ लिहिणाऱ्याच्या कानात बहुधा हे शब्द असतात. पण ‘बों’ दीर्घ आहे! साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांतही हे आहे. ‘पोलीस’सारखे काही शब्द नियमाला जुमानत नाहीत, बोंबील मात्र मुकाट पाळतो.

आता संकोचाचं. क्रियापदापासून झालं असतं तर रूप ‘बोंबलण्याचं’ झालं असतं. ‘बोंबलाचं’ या रूपात मासाच आहे, दुसरं काही नाही. वसई-अर्नाळ्याकडे दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, वाळत घालतात; तिथल्या घरांत ‘बोंबलाची चटणी’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

अनेकवचन बदलत नाही: एक बोंबील, दहा बोंबील. ‘बी’ दीर्घच, ‘बोंबिल’ चूक.

‘बॉम्बे डक’ मला मनापासून नकोसं वाटतं. डाकगाडीतून सुके बोंबील जायचे, म्हणून ‘डाक’चं ‘डक’ झालं, असं सांगतात. पण मुंबईची पहिली गाडी धावली 1853 मध्ये, आणि हे नाव इंग्रजी लिखाणात त्याच्या बरंच आधी सापडतं. त्याहून कितीतरी जुनं आपलं नाव आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज 1673 मध्ये मुंबईत आला होता. माझगाव हे मोठं मासेमारीचं गाव ‘बंबेलो’ माशासाठी प्रसिद्ध असून गोरगरीब त्यावर जगतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या माणसानंही कोळ्यांकडून ऐकलेलंच नाव लिहिलं. तुमच्या फलकावरही तेच असू द्या: ओल्या बोंबलाचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी.