लोकलमधल्या गप्पा मोबाइलने संपवल्या का?

तुम्ही विचारलंय की अकोल्याहून नोकरीसाठी डोंबिवलीला राहायला येताय, रोज सीएसएमटीपर्यंत लोकलने जावं लागणार आहे, आणि मुंबईत राहून गेलेला प्रत्येक जण सांगतोय की पूर्वीची मजा गेली, आता डब्यात जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. गप्पा, ग्रुप, भजनं हे सगळं खरंच संपलं का?

अर्धं खरं आहे. आणि जे अर्धं खरं आहे ते लोक सांगतात ते नाही. मी डोंबिवलीचीच. नव्वदचं दशक संपता संपता पहिली नोकरी लागली तेव्हापासून लेडीज डब्यातून जा-ये करतेय, म्हणजे फोनच्या आधीचा डबाही पाहिलाय आणि आताचाही. जेन्ट्स डब्यातलं मी फक्त मधल्या जाळीतून पाहिलेलं आहे, तेवढं धरून चाला.

ज्या गप्पांसाठी लोक उसासे टाकतात त्या सगळ्यांच्या कधीच नव्हत्या. त्या ग्रुपच्या होत्या. ग्रुप म्हणजे काय हे नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळायचं. गाडी फलाटाला लागता लागता एक चपळ बाई उडी मारून आत शिरायची आणि समोरासमोरच्या बाकांवर पर्स, ओढणी, छत्री, हाताला लागेल ते टाकून जागा धरायची. मागून बाकीच्या निवांत यायच्या. तुम्ही त्या रिकाम्या जागेवर टेकायला गेलात की लगेच, 'आमची येतेय.' ती येणारी कधी कधी ठाण्याला चढायची! तोवर सीटवर तिची पर्स बसलेली आणि तुम्ही उभ्या. यावरून होणारी भांडणं ऐकण्यासारखी असत, पण त्यांना कुणी 'पूर्वीची मजा' म्हणत नाही.

ग्रुपमध्ये शिरकाव झाला की मात्र खरंच चैन होती. संध्याकाळच्या गाडीत मेथी निवडून व्हायची, मटार सोलून व्हायचे, घरी गेल्यावर नुसती फोडणी द्यायची. संक्रांतीला हळदीकुंकू, कुणाला दिवस गेले असतील तर डब्यातच डोहाळजेवण, दसऱ्याच्या सुमाराला डब्याला झेंडूच्या माळा आणि मोटरमनला नारळ-पेढे. यातलं काहीही संपलेलं नाही. दसऱ्याला या, डबे सजलेले दिसतील. भजनवालेही आहेत, टाळ घेऊन येतात आणि पखवाज नसला तरी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात. जाळीपलीकडून गजर सुरू झाला की अलीकडे झोपलेली एखादी बाई कपाळाला आठ्या घालते आणि दुसरी डोळे मिटून मान डोलावते, हे तेव्हाही होतं आणि आताही आहे.

ग्रुपमध्ये नसलेल्या आमच्यासारख्या बहुसंख्य बायका तेव्हा काय करायच्या? झोपायच्या. खिडकीबाहेर बघायच्या. पेपरची उभी घडी, मग तिची आणखी उभी घडी करून तळहाताएवढी पट्टी वाचायच्या, कारण गर्दीत तेवढीच उघडता येते. किंवा पोथी वाचायच्या. तुमच्याकडच्या शेगावच्या महाराजांची पोथी डोंबिवली ते भायखळा या टप्प्यात किती बायकांनी पारायणं करून झिजवली असेल याला गणती नाही. तीच पोथी आता फोनवर असते. परवाच माझ्या शेजारची बाई फोन अगदी नाकासमोर धरून काहीतरी वाचत होती. सवयीने डोकावले तर एकविसावा अध्याय. म्हणजे 'मोबाइलमध्ये डोकं' या दोन शब्दांत कोण काय करतंय ते कळत नाही. नव्या मुलीसाठी तर फोन हा मोठाच आधार आहे. ग्रुपने जागा नाही दिली, बोलायला कुणी नाही, तरी ती एकटी पडत नाही. आम्ही पडायचो.

मग गेलं काय? माझ्या मते विचारणं गेलं.

पूर्वी लोकलचा प्रवास अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय होऊच शकत नव्हता. मध्य रेल्वेवर गाडीच्या तोंडावर इंग्रजी अक्षरं असतात. 'के' म्हणजे कल्याण हे कुणालाही कळेल. पण 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत हे कुणाच्या बापाला सुचणार? कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याला जातो आणि एक कर्जतला. चुकीच्या गाडीत बसलात की अंबरनाथऐवजी टिटवाळा. त्यामुळे नवा माणूस दर वेळी कुणाला तरी विचारायचा. ही फास्ट का? मुलुंडला थांबेल? उतरायचं कोणत्या बाजूला? एका प्रश्नावर निदान तीन बायका उत्तर द्यायच्या, दोघींचं उत्तर वेगळं निघायचं, त्यावरून त्यांच्यातच चर्चा सुरू व्हायची, आणि घाटकोपर येईपर्यंत तुमचं माहेर, पगार आणि लग्न ठरलंय की नाही हे अर्ध्या डब्याला माहीत असायचं. मैत्रीची सुरुवात बहुतेक अशीच.

मग एम-इंडिकेटर आलं. स्मार्टफोन घरोघरी येण्याच्या आधीच, साध्या बटणांच्या फोनवर सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक. उत्तम अॅप आहे, मुंबईत उतरायच्या आधी घेऊनच ठेवा. गाडी कुठे अडकलीय हे त्यातल्या चॅटवर प्रवासीच लिहितात, ते अनेकदा घोषणेच्या आधी कळतं. पण त्या दिवसापासून 'ही फास्ट का?' हळूहळू बंद झालं. मी स्वतःही कुणाला विचारत नाही, आणि विचारणारी भेटली तर, खोटं कशाला सांगू, मनात येतं की फोन नाही का हिच्याकडे.

मालिकांचंही तेच. १९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झालं आणि रोजच्या मालिकांचं वेड डब्यात शिरलं. ऑफिसातून यायला उशीर झाला, भाग चुकला, की दुसऱ्या दिवशी सकाळी विचारावंच लागायचं, काल काय झालं? सांगणारी नुसतं सांगायची नाही, सासूचा आवाज काढून दाखवायची. मूळ भागापेक्षा ते बरं असायचं. आता भाग चुकत नाही, फोनवर केव्हाही बघता येतो, आणि शेजारी बसलेल्या चौघींपैकी एक कोरियन मालिका बघतेय, एक क्रिकेट, एक शेअरचे भाव, आणि चौथी ऑफिसचं एक्सेल. बोलायला समाईक विषयच उरला नाही, त्यात फोन उचलून बाहेर फेकला तरी फरक पडायचा नाही.

याला एक झकास अपवाद आहे, नवरात्रीचे रंग. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र टाइम्सने ही टूम काढली. नऊ दिवसांचे नऊ रंग पेपरात छापायचे आणि त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांच्या ग्रुपचे फोटो मागवायचे. शास्त्राचा वगैरे आधार शोधू नका. पेपर खपवायची कल्पना होती आणि ती बेफाम चालली. पिवळ्या रंगाच्या दिवशी अख्खा डबा शेवंतीचा ढीग दिसायचा. आणि गंमत म्हणजे ग्रुपची मक्तेदारी त्या नऊ दिवसांपुरती मोडायची. तुम्ही पिवळ्यात, समोरची पिवळ्यात, मग 'कुठून घेतली हो?' एवढं विचारायला ओळख लागत नाही. आता रंगांची यादी व्हॉट्सअॅपवर महिनाभर आधीच फिरते, तिच्याखाली साड्यांच्या दुकानाची जाहिरात असते आणि फोटो पेपरऐवजी इन्स्टाग्रामवर जातात. पण नेसून यायचं डब्यातच. तुम्ही नवरात्रीच्या आधी येणार असाल तर करड्या रंगाचं काहीतरी बरोबर आणा. तो कधीतरी येतोच, आणि ऐन वेळी कुणाच्याच कपाटात नसतो.

पारसिकच्या बोगद्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तुम्हाला तो मिळणार नाही. ठाणे आणि दिवा यांच्यामधला हा बोगदा १९१६चा, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, आणि फास्ट गाड्या त्यातून जायच्या. २००२मध्ये मुंबईत खासगी एफएम वाहिन्या आल्या, प्रत्येकीच्या कानात वायर आली, आणि बोगद्यात शिरलं की रेडिओ खरखरून बंद. पुढे मोबाइलवर बोलणं सुरू झालं तेव्हाही तेच. 'बोगदा आला, ठेवते' हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. अगदी इंटरनेट आल्यावरही रील गोल गोल फिरत थांबायची. त्या मिनिटभरात सगळ्यांच्या माना वर. एकमेकींकडे बघून हसायचं, घड्याळ बघायचं, कुणीतरी म्हणायचं, आज वेळेत आहे. २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, आणि फास्ट लोकल बोगद्याऐवजी कळवा-मुंब्र्याकडून जायला लागल्या. बोगदा आता लांब पल्ल्याच्या गाड्यांना. आमचं नेटवर्क अखंड झालं. रेल्वेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्या एका मिनिटाची माझ्यासारखी आठवण काढणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

आता फोन अजिबातच नसला तर काय होतं, तेही पाहिलंय. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमची गाडी कुर्ल्याच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. मोबाइल होते बऱ्याच जणींकडे, पण लागत एकीचाही नव्हता. अंधार पडल्यावर एका बाईने डायरीचं पान फाडलं आणि डब्यातल्या सगळ्यांच्या घरचे लँडलाइन नंबर लिहून घेतले. मग त्याच्या नकला केल्या, ज्यांच्याकडे पेन होतं त्यांनी. ठरलं असं की जिला आधी चालू फोन सापडेल तिने यादीतल्या सगळ्या घरी कळवायचं. आमच्या घरी मी पोचायच्या कितीतरी आधी कुणा अनोळखी बाईचा फोन येऊन गेला होता की तुमची मुलगी सुखरूप आहे. ती कोण हे कधीच कळलं नाही. आज अशी वेळ आली तर लोकेशन शेअर करू, बॅटरी संपेपर्यंत. हे जास्त सोयीचं आहे आणि मला तीच सोय हवी आहे. पण एवढ्या नंबरांची यादी आता कुणी करणार नाही, कारण एवढे नंबर आता कुणाला सांगावेसेच वाटणार नाहीत.

तक्रार करायचीच तर मी एकाच गोष्टीची करेन, हेडफोन न लावता मोठ्याने रील्स बघणाऱ्यांची. दर पंधरा सेकंदांनी नवं गाणं, त्यात कुणाचं तरी खदाखदा हसणं. भजनाला निदान चाल असते आणि शेवट असतो. अशा बाईला सांगायला गेलं की ती आपल्याकडे असं बघते जणू आपणच तिच्या घरात शिरलोय.

फेरीवाल्या बायका मात्र मजेत आहेत. कानातले, क्लिपा, रुमाल, पिना, सगळं अजून डब्यात मिळतं, फक्त मालाच्या लोंबत्या पुठ्ठ्यावरच आता क्यूआर कोड चिकटवलेला असतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. घासाघीस गेली नाही.

तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. दारात उभं राहून फोन हातात धरू नका. रुळांच्या कडेला काठी घेऊन उभे राहणारे चोर असतात, हातावर फटका मारतात आणि फोन खाली पडला की उचलून पसार. त्यांना इथे फटका गँगच म्हणतात. अशा फटक्याने तोल जाऊन माणसंही पडली आहेत. फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी.

दुसरी गोष्ट सीटची. डोंबिवलीला चढून बसायला मिळेल ही आशा सोडा. खूप जणी उलट कल्याणपर्यंत जाऊन तिथून बसून येतात. तुम्हाला उभ्याने यायचं असेल तर आत शिरल्या शिरल्या बसलेल्यांना विचारत जायचं, 'कुठे उतरणार?' हे कुठल्याही अॅपवर कळत नाही. फोनमध्ये कितीही बुडालेली असली तरी याचं उत्तर प्रत्येक बाई देते, मान वर न करता का होईना. ती ठाणे म्हणाली की तिची सीट तुमची झाली, तिच्यासमोर उभ्या राहा. कुणी दुसरीने हक्क सांगितला तर स्पष्ट म्हणायचं, 'मी आधी विचारलंय.' भायखळा किंवा सीएसएमटी म्हणाली तर तिथे थांबू नका, पुढच्या बाकाकडे सरका. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच गाडीत तीच बाई दिसली की तीच विचारेल, 'काय हो, नवीन का?'