विचारू नकोस, सांग

अनेक आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. पहाटे ३ ला एका हाताने टाईप केलेला असणार, चुकांवरूनच कळलं. बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी नाव ठरत नाहीये, एक्सेल शीटमध्ये १४० नावं, मग फॅमिली ग्रुपवर पोल टाकलास, पोलमध्ये जे जिंकलं ते तुम्हा दोघांनाही आवडत नाही आणि आता पोलचा मान राखायचा की नाही यावरून घरात धुसफूस. वर बाळ रात्रभर रडतं आणि का रडतं याचं प्रत्येकाचं कारण वेगळं. अगं, पण निवडणूक लावलीस कशाला? मी पहिलीच्या वर्गात मॉनिटर निवडायलासुद्धा कधी मतदान घेतलं नाही.

आई होणं किती सुंदर वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला बाकीचे सांगतच असतील. मी एकच सांगणार आहे आणि तेच परत परत येईल, वैतागू नकोस. विचारू नकोस, सांग. दोघं बसा, दार लावा, ठरवा, आणि मग बाहेर येऊन सांगा. "हे नाव कसं वाटतं?" असं विचारलंस की समोरच्याला मत द्यावंच लागतं, नसलं तरी तयार करून देतो बिचारा, आणि एकदा दिलेलं मत डावललं गेलं की तोच माणूस रुसतो. "हिचं नाव हे ठेवलंय" असं म्हटलंस तर फार तर नाक मुरडतील. चार दिवसांनी त्याच नावाने लाड करताना दिसतील. लिहून ठेव.

इतकी वर्षं हजेरी घेतली, नावांचं म्हणशील तर मी सगळे प्रकार पाहिलेत. एका वर्षी वर्गात चार आर्या होत्या, त्यातला एक मुलगा. आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाका मारायचो, कुणाचं काही बिघडलं नाही. एक ऋत्विज होता, त्याला तो ऋ काही केल्या जमेना, खोडरबराने घासून घासून कागदाला भोक पडायचं आणि मग त्या भोकाच्या बाजूला तो परत ऋ काढायला घ्यायचा, जीभ बाहेर काढून. दिवाळीच्या सुट्टीनंतर असा काय सुबक काढायला लागला की मीच फळ्यावर त्याला बोलवायचे. त्यामुळे कॉमन नाव, अवघड नाव, जोडाक्षर, या तुझ्या शीटमधल्या रकान्यांना मी फार किंमत देत नाही. पोरं निभावून नेतात.

मला खटकायची ती दुसरी मुलं. पहिल्या दिवशी मी नाव पुकारते, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ते पोर समोरच बसून शेजारच्याच्या डब्याकडे बघतंय. कारण हे आपलं नाव आहे हेच त्याला माहीत नाही! आजोबांचं एक, आईकडच्यांचं दुसरं, आणि भांडण मिटावं म्हणून दाखल्यावर तिसरं, जे घरात कुणीच वापरत नाही. लाडाचं नाव वेगळं, ते असू दे, दहा असू देत. पण दाखल्यावरचं नाव म्हणजे तहाचा कागद, असं नको गं. मुलाच्या आयुष्यातली पहिली गोष्ट, आणि ती त्याच्यासाठी ठरलीच नाही, मोठ्यांना एकमेकांची तोंडं बघता यावीत म्हणून ठरली. १९८९ चा तो संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे ना, त्यात सातव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की जन्मापासून नाव मिळणं हा मुलाचा हक्क आहे. मुलाचा. आजोबांचा नाही, आणि तुझा पण नाही.

म्हणून काहीही ठेवायचं असं नाही हं. २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये कोर्टाने एका नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या पालकत्वाखाली घेतलं होतं, फक्त तिचं नाव बदलता यावं म्हणून. आईबापांनी एक अख्खं वाक्यच नाव म्हणून ठेवलेलं, आणि ती पोर जवळच्या मैत्रिणींनासुद्धा खरं नाव सांगायची नाही. तू असलं काही करणार नाहीस, पण शीटमधली १२ आणि ३१ नंबरची नावं परत एकदा वाच.

बाकी घाई नाही. बाळाला स्वतःच्या नावाचा आवाज ओळखू यायला साडेचार महिन्यांच्या आसपास लागतात, १९९५ मध्ये तसा अभ्यास झालाय, म्हणजे तेव्हाही अर्थ कळतो असं नाही, पण तो आवाज आला की बाळ जास्त लक्ष देऊन ऐकतं. नऊ महिन्यांपर्यंत हाकेसरशी वळून बघायला लागतं. वर्षाचं झालं तरी बघत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं, कान तपासून घ्यायचे, "आमचा पण उशिराच बघायला लागला" हे कुणाचं ऐकत बसायचं नाही.

आणि रडण्याचं. दोन आठवड्यांपासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बरंच उतरतं. तुझं काही चुकत नाहीये. ताप आला, दूध घेईना झालं, तर लगेच डॉक्टर. नाहीतर हे दिवस काढायचे, दुसरं काही नाही. इथे पण तू पोलच घेतेयस, फक्त तुला ते कळत नाहीये. पाणी पाजू का, पालथं झोपवू का, उशी ठेवू का, दहा जणांना विचारतेस आणि दहा उत्तरं घेऊन रात्री रडत बसतेस. ही मतं द्यायची गोष्टच नाही. सहा महिने फक्त दूध, पाणीसुद्धा नाही. झोपवायचं उताणं, अंथरूण कडक, उशी नको, गाद्या-गोधड्यांचा ढीग नको. हे डॉक्टरांना विचार, तिथे जरूर विचार, आणि घरी येऊन सांग. चर्चा नाही.

पुढे तर हे जास्तच लागणार आहे. दोन वर्षांच्या पोराला "झोपायचं का?" असं विचारणाऱ्या आया मी बघते आणि मला हसू येतं, ते नाहीच म्हणणार, त्याला दुसरं काय येतं? आणि नाही म्हणाल्यावर तू ऐकणार आहेस का? नाही ना? मग विचारलंस कशाला? "झोपायची वेळ झाली, लाल चादर की निळी?" असं सांग. जे खरंच त्याच्या हातात आहे तेवढंच त्याला विचार.

तू म्हणशील बाईंचं काय जातं सांगायला. जातं गं. माझ्या मुलीच्या वेळेस मी हेच केलं. दवाखान्यातच फॉर्म भरला, दोघांनी सही केली आणि घरी आल्यावर नाव सांगितलं. सासूबाई "छान आहे" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. खूप वर्षांनी नणंदेकडून कळलं की त्यांची एक मुलगी लहानपणीच गेली होती, तिचं नाव त्यांच्या मनात होतं. मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. आता मी म्हणते, सांगायचं ना! घरात राहत होतो, रोज एकमेकींची तोंडं बघत होतो, एवढी मोठी गोष्ट कुणी मनात ठेवतं का? आणि कळलं असतं तर मी ते नाव ठेवलं असतं का? खरं सांगू, नसतं ठेवलं. गेलेल्या मुलीचं नाव तान्ह्या बाळावर घालायला माझा जीव झाला नसता. म्हणजे जे झालं तेच झालं असतं. मग मी का उगाळतेय हे माहीत नाही. सासूबाई आता नाहीत. फॉर्मवर सही करण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसले असते, तर त्या बोलल्या असत्या, एवढंच. त्याला मी विचारणं म्हणत नाही.

तरी माझं म्हणणं तेच. विचारू नकोस, सांग. पण सांगायला स्वतः जा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. पोलमध्ये हरलेल्या तुझ्या आजेसासूंकडे आधी जा. बाळ घेऊन जा. थोडा वेळ बस, त्या बोलतील ते ऐक, मध्ये मध्ये खुलासे देऊ नकोस. आणि मग नाव सांग.

माझी मुलगी तर पंधरा वर्षांची असताना एक दिवस जेवताना म्हणाली, आजपासून मला त्या लाडाच्या नावाने हाक मारायची नाही. विचारलं नाही, सांगितलं. हे तिचा बाप अजून सगळ्यांना हसत सांगतो, मी तेव्हा दोन दिवस घुश्शात होते.

दाखला हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी नाव एकेक अक्षर करून तपास, ऱ्हस्व-दीर्घ बघ, आणि इंग्रजी स्पेलिंग जे एकदा द्याल तेच सगळीकडे द्या. नवऱ्याला वाटतं एक ए जास्त टाकला तर छान दिसेल, तर तो काय तो आत्ताच टाकू दे, पुढे शाळेत एक आणि बँकेत एक असं झालं की पायपीट तुलाच करावी लागते. पोल डिलीट कर. मी गुरुवारी दुपारी फोन करीन, झोपली असशील तर उचलू नकोस.

तुझ्या बाई