हात कामात, डोळे टीव्हीत

प्रश्न: ताई, मी क्रोशाच्या छोट्या बाहुल्या करते. रात्री मालिका लावून बसते, पण दर वेळी टाके चुकतात आणि निम्मा वेळ उसवण्यात जातो. टीव्ही बंद करून काम करायचा मात्र भारी कंटाळा येतो. काय करू?

उत्तर: टीव्ही चालू राहू दे, काम बदला. बाहुलीचं डोकं मालिकेपुढे करायचंच नसतं. पहिल्या फेरीत ६ मुके खांब (क्रोशाचा साधा आखूड टाका), मग १२, मग १८, २४. दर फेरीला ६ टाके वाढवायचे आणि तेही सारख्या अंतरावर. दारात कोण उभं आहे या काळजीत एक वाढ राहून गेली, की पुढच्या फेरीचं गणित बसत नाही आणि डोकं एका अंगाला कलतं. (अशी बाहुली जास्त गोड दिसते म्हणणारे लोक असतात. मी त्यांच्यातली नाही.) पण वाढी संपल्या की अंग आणि हातपाय सरळ नळीसारखे वर चढतात, टाक्यावर टाका. तो भाग मालिकेसाठी राखून ठेवा. डोकी सगळी दिवसा उरकायची.

मी कामाची वाटणी कार्यक्रम बघूनच करते. रोजच्या मालिकेला कान पुरतात. काही घडायच्या आधी संगीत इतकं वाजतं, की मान वर करायला भरपूर सवड मिळते. रहस्यकथेला डोळे लागतात. खाली अक्षरं वाचायची असतील, तर सुयांवरचं अगदी साधं विणकाम घ्यावं, सगळ्या ओळी सुलट, बोटांना आपोआप येणारं. फुलीच्या टाक्याचं भरतकाम यातल्या कशाबरोबरच जमत नाही. १४ घरांच्या कापडावर एका इंचात १४ फुल्या येतात, शिवाय शेजारी नमुन्याचा नकाशा. एक घर चुकलं तर ते कळतं तासाभराने, पाकळीला जागा उरली नाही म्हणजे. त्या कामाला आधी पाहिलेले भाग लावा. संवाद पाठ असतात, कोण कुठे रडणार ते माहीत असतं, बघितलं नाही तरी चालतं. जुन्या मालिका पुन्हा दाखवतात म्हणून लोक कुरकुरतात, आपण भरतकाम करणाऱ्यांनी कुरकुरू नये.

आणि फेरीच्या पहिल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा. जाहिराती लागल्या की मोजायचं.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो, “आई, तू धड बघत नाहीस आणि धड विणतही नाहीस.” काय उत्तर देऊ?

उत्तर: तो हे म्हणतो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असतो का, तेवढं बघा.

प्रश्न: टीव्हीवर चित्रं काढायला शिकवणारे अमेरिकन चित्रकार बॉब रॉस यांचे जुने भाग लावून मी त्यांच्याबरोबर चित्र काढायला बसतो. त्यांचा डोंगर दोन मिनिटांत उभा राहतो, माझा चिखल होतो. मी ॲक्रिलिक रंग वापरतो. माझा हातच वाईट आहे का?

उत्तर: हाताला दोष देऊ नका, आधी रंग बदला. रॉस तैलरंगात काम करायचे. सगळ्या कॅनव्हासला आधी ओल्या रंगाचा पातळ थर फासायचा आणि तो ओला असतानाच वर दुसरे रंग द्यायचे, ही त्यांची पद्धत. तैलरंग कित्येक तास, कधी कित्येक दिवस ओला राहतो, म्हणून आभाळाच्या कडा हव्या तशा विरघळवता येतात. ॲक्रिलिक मिनिटांत वाळतं. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश घासलात तर चिखलच होणार.

तैलरंगातही एक पथ्य आहे. खालचा रंग घट्ट आणि वरचा त्याहून पातळ हवा, म्हणजे वरचा खालच्याला धरतो. दोन्ही सारखेच पातळ झाले तर मिसळून राखाडी होतात. बर्फाच्या पांढऱ्या कडा सुरीने द्यायच्या, त्याही हात अगदी हलका ठेवून. सुरी दाबली की खालचा रंग उचलला जातो.

आणि त्यांच्याबरोबर धावू नका हो! त्यांचं “द जॉय ऑफ पेंटिंग” १९८३ ते १९९४ या काळात चाललं, ४०३ भाग झाले. जवळपास प्रत्येक चित्र ते तीनदा काढत. एक आधीच काढून समोर ठेवलेलं असे, दुसरं कॅमेऱ्यासमोर आणि तिसरं नंतर सावकाश, पुस्तकासाठी. म्हणजे तुम्ही पहिल्यांदा काढताना ते दुसऱ्यांदा काढत असतात. पूर्ण भाग एकदा हात बांधून बघा, मग थांबवत थांबवत काढा.

प्रश्न: एका मालिकेतल्या पात्राचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर मला हुबेहूब विणायचा आहे. नमुना कुठेच मिळत नाही. पडदा थांबवून टाके मोजते आहे, पण रंगही नक्की कळत नाहीत.

उत्तर: रंग कळणारच नाहीत. चित्रीकरणाचे दिवे, कॅमेरा आणि तुमचा टीव्ही, तिघांनी मिळून तो बदललेला असतो. दोन वेगळे प्रसंग बघा, एक घराबाहेरचा आणि एक रात्रीचा, आणि दोन्हींच्या मधला रंग धरा. लोकर दिवसाच्या उजेडात निवडा. पिवळ्या दिव्याखाली गडद निळी आणि काळी लोकर सख्ख्या बहिणी वाटतात.

टाके मोजणं सोडा, प्रमाण मोजा. मफलरची रुंदी पात्राच्या तळहाताच्या मानाने किती, पट्टा रुंदीच्या किती पट, एवढं पुरतं. मग तुमच्या लोकरीचा साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके ओढले जातात, ते धरायचे नाहीत. बाकी त्रैराशिक.

हुबेहूबपणाचं फार मनावर घेऊ नका. टीव्हीवरचा सगळ्यात प्रसिद्ध मफलर मुळात गैरसमजातून झालेला आहे. “डॉक्टर हू” या ब्रिटिश विज्ञानमालिकेत १९७४ साली टॉम बेकर हे नट ‘डॉक्टर’ या मुख्य पात्राच्या भूमिकेत आले, तेव्हा वेशभूषाकार जेम्स अॅचेसन यांनी रंगीबेरंगी लोकर बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे दिली. निवडायला सोपं जावं म्हणून भरपूर दिली होती. बाईंनी सगळीच विणून टाकली. तो लांबच लांब मफलर बेकर यांना इतका आवडला, की तोच कायम झाला. मला त्या बाई फार जवळच्या वाटतात. दिलेली लोकर संपेपर्यंत थांबायचं नाही, हा स्वभाव आपल्यापैकी बऱ्याच जणींचा आहे.

प्रश्न: भाचीसाठी विणलेल्या सशाला प्लास्टिकचे डोळे लावू का? ती एक वर्षाची आहे.

उत्तर: नको. मागे चकती बसवून पक्के होणारे डोळे मिळतात, पण विणकामाची जाळी ताणली की अख्खा डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो आणि या वयात सगळं तोंडात जातं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी डोळे दोऱ्यानेच भरा. काळ्या दोऱ्याचा भरीव टाका आणि त्यावर पांढऱ्याचा एक बारीक टाका, की नजर जिवंत होते. मणी, बटणं, घुंगरू, काही नको.

प्रश्न: ताई, तुम्ही स्वतः सध्या काय बघता आणि बघताना काय करता?

उत्तर: “द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन”. कुंभारकामाची ही ब्रिटिश टीव्ही स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. त्यातले परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स एखादं चांगलं भांडं समोर आलं की रडतात. भला मोठा माणूस, डोळे पुसत हँडलची तारीफ करतो. मातीकाम मी करत नाही, पण हस्तकलेचा एवढा मान मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत पाहिलेला नाही.

बघताना करायचं म्हणाल, तर उशीच्या अभ्र्यावर गाठीच्या टाक्यांचं भरतकाम चालू आहे. दोरा सुईला दोन वेढे, सुई होती तिथेच शेजारी खाली, गाठ तयार. टीव्हीपुढे याच्याइतकं सोयीचं काम नाही, कारण एखादी गाठ इकडची तिकडे झाली तरी फुलाचं काही बिघडत नाही. फक्त भट्टी उघडतात तेव्हा मी सुई खोचून ठेवते. भांडं आतून ओलं राहिलं असेल, तर पाण्याची वाफ होऊन भट्टीतच त्याचे तुकडे उडतात. आठवडाभराची मेहनत कपाटभर ठिकऱ्या होऊन बाहेर येते. अशा वेळी हातात टोकदार वस्तू नसलेली बरी.